ई-सिम घ्या, पण बँकेच्या नंबरावर नको

जिओ, एअरटेल आणि व्ही या तिन्ही कंपन्या चालू नंबराचं ई-सिम, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम, करून देतात, आणि ते एकदा सुरळीत सुरू झालं की त्यात खोट काढण्यासारखं फारसं काही उरत नाही. रेंज तीच, प्लॅन तोच, इंटरनेटचा वेग तोच. चाळीच्या आतल्या खोलीत प्लास्टिकच्या सिमला रेंज येत नसेल तर ई-सिमलाही येणार नाही, कारण टॉवर आणि अँटेना दोन्ही जुनेच. सेवेची खरी परीक्षा दोन दिवशी होते: सिम बदलता त्या दिवशी आणि फोन हातातून जातो त्या दिवशी.

सगळ्यात आधी फोन तपासा. डायल पॅडवर *#०६# दाबलं की आयएमईआयबरोबर (हा फोनचा ओळख क्रमांक) ‘ईआयडी’ नावाचा, ८९ ने सुरू होणारा ३२ अंकी आकडा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर विषय तिथेच संपला. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या फोनमध्ये एका देशात ई-सिम असतं, दुसऱ्या देशात नसतं. मुंबईच्या हिरा पन्ना किंवा मनीष मार्केटमध्ये बाहेरून आलेला आयफोन घेणाऱ्यांनी तर हे पैसे मोजण्याआधीच पाहावं. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही. तो घेतला की ई-सिमशिवाय दुसरा मार्ग नाही. चीनमध्ये विकलेले बहुतेक आयफोन याच्या अगदी उलट: दोन नॅनो सिम, ई-सिम नाही. आणि फोन तिकडच्या एखाद्या कंपनीला लॉक असेल तर आपल्याकडचं कुठलंच सिम तो घेणार नाही, ना प्लास्टिकचं, ना ई-सिम.

एअरटेलची पद्धत सर्वांत सोपी. ‘ई-सिम’ हा शब्द आणि पुढे नोंदवलेला ईमेल इंग्रजी अक्षरांत लिहून १२१ ला एसएमएस करायचा, उत्तर आलं की ६० सेकंदांच्या आत १ पाठवायचा, मग कॉलवर संमती द्यायची, क्यूआर कोड ईमेलवर येतो. मिनिट चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. व्हीची पद्धत जवळपास अशीच, एसएमएस मात्र १९९ ला जातो. दोन्हीकडे अडतं ते ईमेलपाशी: नंबर घेताना दिलेला पत्ता केव्हाच बंद पडलेला असतो. तो आधी कंपनीच्या अॅपमध्ये बदलून घ्या.

जिओचं काम जास्त किचकट. ‘गेटईसिम’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहून पुढे ३२ अंकी ईआयडी आणि १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १९९ ला जातो. उत्तरात १९ अंकी ई-सिम नंबर येतो. तो ‘SIMCHG’ या शब्दापुढे लिहून परत १९९ ला पाठवायचा, साधारण दोन तास थांबायचं, दुजोरा द्यायचा, मग स्वयंचलित कॉलवर तोच १९ अंकी नंबर सांगायचा. सत्तेचाळीस अंक हाताने टाइप केले तर एखादा चुकतोच. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन ईआयडीवर बोट दाबून ठेवा आणि कॉपी करा. अंक मोजायचे असतील तर चार-चारच्या गटाने मोजा, बरोबर आठ गट भरले पाहिजेत.

या सोपेपणाचा फायदा भामटेही घेतात. ‘ग्राहक सेवेतून बोलतोय, हा मेसेज १२१ ला किंवा १९९ ला फॉरवर्ड करा’ असं सांगून ते स्वतःचा ईमेल किंवा स्वतःच्या फोनचा ईआयडी तुमच्या नंबरावरून पाठवून घेतात. तुमचं सिम बंद पडतं आणि ओटीपी त्यांच्याकडे जायला लागतात. आपण मागितलेलं नसताना ई-सिमचा मेसेज आला तर त्याला उत्तर देऊ नका. रेंज अचानक गेली तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा.

क्यूआर आला की फोन वाय-फायवर ठेवा, कारण जुनं सिम मध्येच बंद होतं. कोड लॅपटॉपवर उघडा किंवा छापून घ्या. ज्या फोनमध्ये सिम टाकायचं त्याच फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच कॅमेऱ्याने कसा टिपणार? (आयओएस १७.४ पासून कोडवर बोट दाबून ठेवलं तरी चालतं.) प्रोफाइल, म्हणजे तुमचं ई-सिम, फोनमध्ये उतरल्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसलं तरी दोनेक तास धीर धरा, फोन बंद करून चालू करा. घाबरून प्रोफाइल डिलीट करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. कोड सहसा एकदाच चालतो, नवा मागवावा लागतो, आणि तोवर नंबर कुठेच नसतो. फोन रिसेट करतानाही ‘ई-सिम ठेवा’ हा पर्याय निवडा.

पुढचा दिवस जपून. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआय अॅपने नंबर पुन्हा पडताळायला घेतला तर तेही अडलं. विमानाच्या आदल्या दिवशी किंवा घरभाड्याच्या तारखेला हे काम काढू नका. सुट्टीची सकाळ निवडा, खिशात रोख रक्कम ठेवा. कंपनी बदलायचा विचार असेल तर तो आधीच उरका: १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही.

आता दुसरी परीक्षा. डिस्प्ले फुटला आणि फोन लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीला टाकला, तर प्लास्टिकचं सिम काढून कपाटातल्या जुन्या हँडसेटमध्ये घालता येतं. ई-सिम असेल तर नंबर फोनबरोबर दुकानात जातो. गर्दीच्या लोकलमध्ये फोन मारला गेला तर चोराला ई-सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण संचार साथी या सरकारी पोर्टलवर चोरीच्या फोनचा आयएमईआय ब्लॉक करायला पोलीस तक्रारीच्या प्रतीबरोबर चालू नंबरावरचा ओटीपी लागतो. म्हणून आधी कंपनीच्या गॅलरीत जाऊन ओळखपत्र दाखवून त्याच नंबराचं नवं सिम घ्यायचं, मग ब्लॉक.

म्हणून बँक आणि आधारशी जोडलेला नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवावा आणि त्याला सिम पिन लावावी. पिन तीनदा चुकली की पीयूके (सिम पुन्हा उघडणारा कोड) मागितला जातो, म्हणून कंपनीचा मूळ पिन माहीत करून घेतल्याशिवाय हात लावू नका. ई-सिमवर दुसरा नंबर, ऑफिसचा किंवा डेटाचा, टाका. परदेशी जातानाही हीच मांडणी कामी येते: तिकडचं ई-सिम डेटाला, आपलं सिम ओटीपीला, आणि आपल्या सिमचं डेटा रोमिंग बंद. तिकडचं ई-सिम घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवा आणि चालू मात्र तिकडे पोचल्यावर करा, कारण काही प्लॅनचे दिवस ते सुरू केल्या क्षणापासून मोजले जातात.