‘सर्फिंग विथ द एलियन’ : आठ महिने रोज ऐकल्यावर

अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानी याचा हा अल्बम मी लावला तो वेगासाठी. हातात इलेक्ट्रिक गिटार आली की कुणीतरी याचं नाव सुचवतंच. पहिले दोन आठवडे शीर्षकगीत आणि ‘सॅच बूगी’ एवढंच ऐकत होतो. बोटं इतकी पळतात कशी, याच्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

अल्बम १९८७ चा. दहा रचना, सगळ्या मिळून अडतीस मिनिटांच्या आत. गाणारं कुणी नाही, तरी अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो २९व्या क्रमांकापर्यंत गेला. याचं कारण मला फार उशिरा उमगलं, आणि तेही आईमुळे.

एका रविवारी ‘ऑलवेज विथ मी, ऑलवेज विथ यू’ स्पीकरवर चालू होतं. सॅट्रियानीने हे बायकोसाठी रचलं. आई शेजारी पेटी पुसत बसली होती. तिने पांढरी सात दाबून धरली आणि भाता हलवत राहिली. मधे धून एकदम उदास होते तिथे मी म्हणालो, “इथे पट्टी बदलली.” ती म्हणाली, “नाही रे, सा तोच आहे. गंधार कोमल झालाय बघ.” आणि खरंच, तिचा तो एक सूर शेवटपर्यंत कुठेच खटकला नाही.

पांढरी सात म्हणजे ‘बी’, म्हणून पाश्चात्त्य भाषेत हे बी मेजरवरून बी मायनरला जाणं. सॅट्रियानी याला ‘पिच ॲक्सिस’ म्हणतो : तळाचा सूर हलवायचा नाही, त्याच्यावरचे स्वर बदलायचे. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला हे किती जवळचं आहे! ‘सॅच बूगी’च्या मधल्या भागात टॅपिंग चालतं, म्हणजे दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून सूर काढणं, तिथेही खाली ‘ए’चा सूर धरलेला असतो. आधी मला तो नुसता सुरांचा पाऊस वाटायचा. आता प्रत्येक वळण वेगळं ऐकू येतं.

‘ऑलवेज विथ मी’ वाजवायला घेतलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. निम्म्या वेगावर ऐकलं की लक्षात येतं, बऱ्याच जागी पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, आघात नाहीच. डाव्या हाताची बोटंच तार दाबतात आणि सोडतात. म्हणून ओळ तुटत नाही, मींड घेतल्यासारखी पुढे जाते. माझी करंगळी अजून तिथे दमते. चार महिन्यांत त्या धुनेच्या पहिल्या आठ ओळी जरा बऱ्या वाजायला लागल्यात.

न आवडलेलंही सांगतो. ड्रम्स बऱ्याच ठिकाणी मशीनचे आहेत आणि चांगल्या हेडफोनवर ते कोरडे लागतात. ‘सॅच बूगी’त जेफ कॅम्पिटेली स्वतः वाजवतो, तिथे सगळं कसं जिवंत होतं! ‘हिल ऑफ द स्कल’ मला आजही अर्धवट वाटतं, रंगायच्या आतच संपतं.

नव्याने घेणार असाल तर ‘सर्कल्स’पासून सुरुवात करा. मऊ सुरुवात, मग अचानक उसळी, आणि पुन्हा शांत. शीर्षकगीत नंतर ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र नको. खालचा सूर तिथे हरवतो, आणि सगळी गंमत त्याच्यावरच उभी आहे. आई आता ‘इको’ लागलं की पेटीवर त्याचा सा शोधत बसते. मी गिटार जुळवून तिच्या शेजारी बसतो.