आफ्रिकेतल्या प्राण्यांचं गाणं आणि 12 कार्डं: आठ महिने वापरल्यावर

संच साधा आहे: 12 कार्डं, कापडी फळा आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण. चाल मुलांना आधीच पाठ असलेली, आवाज काढत म्हणायची. फक्त गाय-कोंबडीच्या जागी सिंह-झेब्रा. ठाण्यातल्या अडीच ते पाच वर्षांच्या वर्गात जूनपासून आठवड्यातून तीनदा वापरला. चाल नवी नसल्यामुळे मुलांचं लक्ष थेट नव्या नावावर जातं, हा खरा फायदा. मात्र एका बैठकीत चारच प्राणी घ्या. बाराही घेतले तर मुलं नावं सोडून नुसता आवाज ओरडतात.

मुद्रणातला झेब्रा घोड्यासारखा खिंकाळतो. चूक आहे. मैदानी झेब्रा ‘क्वा-हा, क्वा-हा’ असं भुंकल्यासारखं ओरडतो, आणि मुलांना तेच जास्त आवडतं. म्हणून मुद्रण बंद ठेवून स्वतःच गावं. तसंही त्याची लय लहानग्यांना झेपत नाही.

जिराफाशी गाणं हमखास अडतं, कारण त्याचा आवाज सहसा कानावरच येत नाही. तिथे चवड्यांवर उभं राहून हात वर करायचे, जीभ बाहेर काढायची. जिराफाची जीभ साधारण 45 सेंटिमीटर, म्हणजे दप्तरातली मोठी पट्टी दीड वेळा. पट्टी हनुवटीपाशी धरून दाखवा, मग वर्ग आवरा! नराची उंची 18 फुटांपर्यंत जाते. ‘पहिल्या मजल्याच्या खिडकीतून डोकावेल’ म्हटलं की पोरांना लगेच कळतं. ‘पाणघोडा’ हा लांब शब्द चालीत ‘हत्ती’च्या जागेत बसत नाही. ‘पाण’ एका टाळीवर, ‘घोडा’ दुसरीवर घ्या.

सिंह शेवटी नको. डरकाळीनंतर वर्ग तापतो, म्हणून सिंह दुसरा आणि जिराफ शेवटी. हत्तीला गणपती आहेच मदतीला: सुपाएवढे कान सगळ्यांना माहीत असतात, आफ्रिकेतल्या हत्तीचे त्याहून मोठे दाखवायचे. तिथे माद्यांनाही सुळे असतात, हे चार-पाच वर्षांच्या मुलांना सांगावं.

बारांत वाघही घुसवलाय. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही. ते कार्ड काढून रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं लावा. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीत दिसणारा लहान रोहित टांझानियाच्या नेट्रॉन सरोवरावरही असतो, जात तीच. एका पायावर उभं राहायचं, मान खाली, चोच उलटी. ऐरोली-ठाण्याच्या मुलांना दुसरं कुठलंच कार्ड इतकं जवळचं नाही.

टिकाऊपणात मात्र संच मार खातो. कार्डं लॅमिनेशनच्या आरपार कापलेली आहेत, त्यामुळे पावसाळ्यात कडेने दमट हवा शिरून कागद फुगतो. पुन्हा करायची तर कागदाबाहेर 4 मिलिमीटर प्लास्टिक राखा. कोपरे गोल कापा, नाहीतर टोचतात. वेल्क्रोचा डिंक जुलैतच सुटला; फळ्याकडची बाजू शिवून घेतल्यावर अजून टिकून आहे.