रेनॉक्स डीसीआर-250 : आठ महिने आणि सोसायटीतला एक आंबा

किड्यांचे अगदी जवळून फोटो काढायला ही क्लोज-अप लेन्स ऑगस्टमध्ये घेतली होती, म्हणजे आता आठ महिने झाले. दिसायला अगदी किरकोळ, मुठीत मावणारं भिंग. झूम लेन्सच्या तोंडावर दोन्ही बाजूंचे खटके दाबून चिमट्यासारखं बसवायचं. तोंड 52 ते 67 मिलिमीटरचं असलं की झालं. माझी कॅननची 55-250 मिलिमीटरची झूम लेन्स आहे, तोंड 58 चं, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

भिंग +8 पॉवरचं. म्हणजे नाभीय अंतर 125 मिलिमीटर. झूम 250 वर नेलं की 250 भागिले 125, म्हणजे सेन्सरवर किडा प्रत्यक्षाच्या दुप्पट मोठा. माझ्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर अख्ख्या फ्रेमची रुंदी जेमतेम 11 मिलिमीटर उरते. एक मोठी लाल मुंगी त्यात आडवी बसते आणि फ्रेम भरते. झूम 100 च्या खाली आणलं तर कोपरे काळे पडतात, पण तिकडे कोण जातो!

पहिले दोन महिने मात्र शिव्या घातल्या, भिंगाला नव्हे, स्वतःलाच. या मोठेपणाला लेन्सचं छिद्र एफ 11 इतकं बारीक ठेवूनसुद्धा मिलिमीटरचा अगदी छोटासा भाग स्पष्ट येतो. डोळा आला तर पाय गेले. ऑटोफोकस बंद करून टाका. किडा साधारण बारा सेंटिमीटरवर आला की स्पष्ट दिसतो, त्यामुळे आपणच श्वास रोखून पुढे-मागे डोलायचं. असा डोलत असताना वॉचमनकाकांनी दोनदा विचारलंय, "साहेब, काही हरवलं का?"

खरा फरक पडला तो उजेडाने. छोटा फ्लॅश, शटर 1/200, आयएसओ 100. उघड्या फ्लॅशमध्ये भुंग्याची पाठ म्हणजे नुसता पांढरा ठिपका. मग पाच लिटरच्या तेलाचा रिकामा कॅन कापला, आतून मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर लावला आणि रबरबँडने लेन्सवर छपरासारखा बांधला. अवतार भयंकर, पण त्या दिवसापासून पाठीवरचे हिरवे-जांभळे रंग दिसायला लागले. भिंगाइतकंच श्रेय मी या कॅनला देईन.

ऑक्टोबरमधली एक सकाळ सांगतोच. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीत एक आंबा आहे, त्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या. (अळ्यांच्या रेशमाने शिवतात, आणि चावतात तेव्हा मनगटापासून सुरुवात करतात.) रांगेपासून जरा लांब एक मुंगी एकटीच थबकून होती. जवळ गेलो तर पानाखाली घसरली आणि धाग्याला लोंबकळली. मुंगी कधी धाग्याला लोंबकळते का? लॅपटॉपवर फोटो मोठा केला: पुढे गाडीच्या दिव्यांसारखे दोन टपोरे डोळे आणि पाय आठ. पुढचे दोन वर उचलून मिशा असल्याचं सोंग! उडी मारणारा कोळी होता. चावऱ्या मुंग्यांच्या वाटेला फारसं कुणी जात नाही, म्हणून हा वेश. पाच वर्षं त्या झाडाखाली स्कूटर लावतोय, कधी दिसला नव्हता.

तिथून कोळ्यांचं वेडच लागलं. 2021 मध्ये ठाणे-कल्याण भागातून उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात नोंदवली गेली आणि हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिचं नाव ठेवलं, आयशियस तुकारामी. ते वाचून मी येऊरच्या जंगलातल्या वाटेवर प्रत्येक पान उलटं करत सुटलो. तसे दिसणारे दोन मिळाले, पण नाव टाकलं नाही. कोळ्याची जात पक्की करायला जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात, आमच्या फोटोंवरून ते होत नाही.

फुलपाखरांसाठी मात्र घेऊ नका. ओवळेकर वाडीच्या फुलपाखरांच्या बागेत मोठ्या हौसेने नेली, तर फुलपाखरू फ्रेममध्ये मावेना. डोळा आणि गुंडाळलेली सोंड, बस्स. शेवटी भिंग काढून नुसत्या झूमने फोटो घेतले.

एकदा पडलीसुद्धा. पावसात ओल्या अंगठ्याने खटके नीट न दाबता बसवली, ती निसटून चिखलात. चूक सर्वस्वी माझी. काचेला ओरखडा नाही, कडेला मात्र अजून लाल माती अडकलेली आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात खरी भीती बुरशीची. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि खड्यांचा रंग बदलला की जुन्या तव्यावर गरम करून घेतो. तो तवा आता स्वयंपाकाला चालणार नाही, असं आईने बजावलंय.

नव्या मॅक्रो लेन्सच्या किमतीत अशी तीन-चार भिंगं येतील. हातात झूम असेल तर घ्या, पण आधी तेलाचा कॅन रिकामा होऊ द्या. मी सध्या थोड्या थोड्या अंतरावर फोकस केलेले पाच-सहा फोटो एकावर एक रचून सगळा कोळी स्पष्ट आणायचा प्रयत्न करतोय. दहातले नऊ फसतात, कारण तिसऱ्या फोटोला कोळी वळून थेट लेन्सकडे बघतो.