काचेच्या खोलीचं छप्पर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

काचेच्या खोलीच्या छतावरचं जुनं पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकच्या शीट) उतरवून सोलर कंट्रोल डबल ग्लेझिंग बसवलं, म्हणजे मध्ये पोकळी असलेली दुहेरी काच, उन्हाची उष्णता अडवणारं कोटिंग दिलेली. उन्हाळा आणि पावसाळा काढून झाला, थंडीही सरत आली. आता लिहायला हरकत नाही.

कोटेशन देणारा प्रत्येक जण यू-व्हॅल्यूचं पुराण लावतो. ती महत्त्वाची आहेच, पण ती सांगते आतली ऊब किती लवकर बाहेर जाते. शिवाय कागदावरचा आकडा बहुधा उभ्या काचेचा असतो. तीच काच छतावर आडवी झाली की मधल्या पोकळीतला वायू जास्त खेळतो आणि आकडा बिघडतो. डोक्यावरच्या काचेचा खरा प्रश्न उन्हाचा. त्यासाठी जी-व्हॅल्यू विचारा, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी आत किती उतरते ते. साध्या डबल ग्लेझिंगमधून ७० टक्क्यांच्या आसपास उतरते, चांगल्या सोलर कंट्रोल काचेतून ३० ते ४०. माझा सगळा निर्णय या एका आकड्यावर झाला.

फरक पडला का? भर दुपारी पूर्वी या खोलीत पाय ठेववत नसे, आता बसून काम होतं. गार मात्र होत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. काच ऊन अडवते, साठलेली गरम हवा बाहेर काढत नाही. ती चढून आढ्याखाली जमते, म्हणून तिथे उघडणारी खिडकी हवीच. बजेट ताणलं गेलं तर बाकी काहीही कापा, ती खिडकी कापू नका. आतून पडदे लावून भागेल असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, कारण पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता आत आलेलीच असते.

उजेड थोडा कमी झाला. आभाळ किंचित करडं दिसतं, आठवडाभरात सवय होते. फुलझाडं मात्र बाजूच्या साध्या काचेजवळ सरकवावी लागली.

पावसाचा आवाज हे काच घेण्याचं दुसरं मोठं कारण. पॉलिकार्बोनेटवर सर आली की फोन ठेवून द्यावा लागे. आता आवाज येतो, पण बोलणं चालू राहतं. आतली काच लॅमिनेटेड (मध्ये फिल्म घालून चिकटवलेली) असल्याचा हा जास्तीचा फायदा; मूळ कारण सुरक्षिततेचं. नुसती टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच फुटली तर बारीक तुकड्यांचा सडा डोक्यावर पडतो, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या फिल्मला चिकटून राहतात. यात तडजोड नको.

ऊन चढताना शीट फुगून होणारा कटकट आवाजही थांबला. तीन मीटरची पॉलिकार्बोनेट शीट ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ८ मिलिमीटर वाढते, काच जेमतेम एक. पण वजन! काचेचं दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. दोन्ही काचा मिळून ३० किलोच्या घरात जातात, १६ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट तीनच्याही आत. जुन्या सांगाड्यावर काच चढवायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. त्याने नाही म्हटलं तर चांगलं जाड पॉलिकार्बोनेट घ्या, उगाच हट्ट नको.

सेल्फ-क्लीनिंग कोटिंगवर मी समाधानी नाही. त्याला ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात. कोरड्या महिन्यांत धूळ बसते ती बसतेच. खालच्या कडेला, पट्टीपाशी पाणी अडतं तिथे, काळी रेघ धरते. ती स्पंजनेच काढावी लागते. थंडीत पहाटे काचेवर बाहेरून दव धरतं, त्याला घाबरू नका: आतली ऊब वरच्या काचेपर्यंत पोचत नाही म्हणून ती गार राहते.

काच बसवण्याआधी एक तपासणी कराच. सोलर कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असायला हवं. बाहेरच्या बाजूने लायटरची ज्योत धरा, चार प्रतिबिंबं दिसतात. कोटिंगवरच्या प्रतिबिंबाचा रंग वेगळा असतो आणि ते तुमच्याकडून दुसरं हवं. वेगळ्या रंगाचं प्रतिबिंब तिसरं असलं तर काच उलटी धरली आहे. माणसं वर चढण्याआधीच थांबवा.