ईशनिंदेचा कायदा शोधताय? द्विभाषी बेअर अ‍ॅक्ट कितपत कामाचा

भारतीय न्याय संहितेच्या या बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कायद्याचा निव्वळ मजकूर देणाऱ्या पुस्तिकेत, ‘ईशनिंदा’ शोधू नका. त्या नावाचा गुन्हाच आपल्या कायद्यात नाही. थेट प्रकरण 16, कलमं 298 ते 302 उघडा. खरी मेख कलम 299 मध्ये: 1927 साली आलेलं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं 295अ, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसत्या धार्मिक भावना दुखावून भागत नाही, हेतू बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट लागतो. वाचणारे बहुधा इथेच घसरतात. मागचा जुन्या-नव्या कलमांचा तक्ता उत्तम. 1 जुलै 2024 पूर्वीच्या कृत्याला जुनाच कायदा लागतो ना! उणीव मात्र मोठी. न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 217 मध्ये, आणि इथे त्याची साधी तळटीपही नाही. दोन्ही संहितांच्या पुस्तिका सोबतच घ्या.