407 टर्बोचं इंजिन काम: उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्यांचा अनुभव

सरळ सांगतो, काम एक नंबर झालंय आणि पैसे वसूल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगची (इंजिनचे सिलिंडर म्हणजे बोअर कापून-घासून मापात आणायची) दुकानं पायलीला पन्नास आहेत, पण टर्बो डिझेल कळणारा माणूस शोधावा लागतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गाडी टाटा 407, इंजिन 497 टर्बो. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, ऑइल खायची, लोड घेऊन खंबाटकी चढताना मागच्याला रस्ता दिसायचा नाही. याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी काम झालेलं, तिथं पिस्टन न बघताच चारही बोअर सरसकट वीस साइज (साधारण अर्धा मिमी मोठे) मारून दिलेले, फिट एवढा टाइट की घाटात तीन नंबरचा पिस्टन धरला (बोअरमध्ये अडकला) आणि स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची बाजू, खरवडून निघाला.

उद्यमनगरातल्या या दुकानात गेलो तर बोअरिंगवाल्या मामांचा पहिला प्रश्न, "पिस्टन आणलायसा का?" ब्लॉक गाडीतून खाली घ्यायच्या आधी. म्हणाले पिस्टन हातात आल्याशिवाय मी मशीन चालूच करत नाय. मला तिथंच माणूस पटला. कारण डब्यावर 97 (मिमी) लिहिलेलं असतं ते बोअरचं माप, पिस्टन स्वतः त्याच्यापेक्षा कमीच असतो, आणि किती कमी ते प्रत्येक कंपनीचं, कधीकधी एका डब्यातल्या चार पिस्टनचंसुद्धा थोडं वेगळं असतं. मामांनी चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मापले, ते पण वर डोक्याला नाही, खाली स्कर्टला, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतोच, थोडा अंडाकृती असतो आणि वरच्या बाजूला बारीक असतो. मग मार्करनं नंबर टाकले आणि एक नंबरचा बोअर एक नंबरच्या पिस्टनला, असं प्रत्येकाचं वेगळं माप धरलं.

क्लिअरन्सबद्दल (पिस्टन आणि बोअरमधल्या फटीबद्दल) लोक फार ढिलाईनं बोलतात म्हणून हिशोब देतो. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 97 च्या पिस्टनचं तापमान 100 डिग्रीनं वाढलं की तो साधारण 0.2 मिमी वाढतो, बोअर तेवढाच तापला तरी 0.1 च्या आसपासच. आणि बोअरला पाणी थंड ठेवतं, पिस्टनला नाही. टर्बोत तर उष्णता अजून जास्त. त्यामुळं साध्या, बिनटर्बोच्या इंजिनचा क्लिअरन्स टर्बोला दिला तर पिस्टन धरू शकतो. पिस्टन बनवणाऱ्यानं जो आकडा दिलाय तोच ठेवायचा, मिस्त्रीच्या अंदाजावर जायचं नाही.

आता साइजचा विषय. आमच्या भावाचं म्हणणं होतं चाळीस साइज मारूया, सीसी वाढतील, पिकअप येईल. मामांनी कागदावर मांडून दाखवलं. चाळीस साइज म्हणजे साधारण एक मिमी, 97 चा 98 केला तर 2956 सीसीचे 3017 होतात, जेमतेम दोन टक्के, आणि तेवढ्यासाठी आधीच पातळ असलेली स्लीव्ह (बोअरमध्ये बसवलेली नळी) अजून पातळ करायची. टर्बो इंजिनात ताकद बूस्टमधून (टर्बोनं दाबलेल्या हवेतून) आणि पंपाच्या डिझेलमधून येते हो, बोअर एक मिमी वाढवून नाही. म्हणून जुन्या स्लीव्ह काढल्या, मूळ ब्लॉकचा बोअर डायल गेजनं वर-मध्ये-खाली तपासला (ड्राय, म्हणजे पाणी थेट न लागणारी, स्लीव्ह ब्लॉकला सगळीकडून चिकटून बसली नाही तर उष्णता बाहेर जाणार कशी?), सेमी-फिनिश स्लीव्ह प्रेस केल्या आणि बसवल्यानंतर बोअर-होन करून परत स्टँडर्ड 97 वर आणलं. मला हाच मार्ग योग्य वाटतो. ज्यांना ओव्हरसाइज करायचाच आहे त्यांनी ओरखडे आणि ओव्हॅलिटी (झिजून आलेला अंडाकृतीपणा) जाईल एवढाच, सगळ्यात छोटा साइज घ्यावा, पुढच्या कामाला माल शिल्लक राहतो.

पिस्टन कुठले? आयपीएल (इंडिया पिस्टन्स), उषा, गोएट्झे, माहले, चारही नावं जुनी आणि चांगली, भीती डुप्लिकेट डब्याची, म्हणून पक्कं बिल घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टर्बोचाच पिस्टन मागा. बोअर तोच असला तरी वरची वाटी, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची आणि वरच्या रिंगच्या खाचेतली लोखंडी अल्फिन कडी, हे सगळं बघून घ्या. ती कडी नसलेला पिस्टन टर्बोत टाकला की वरची खाच लवकर झिजते. ब्लॉकला फेसिंग मारलं (वरची बाजू घासून सपाट केली) असेल तर पिस्टन किती वर येतो ते मापूनच हेड गॅस्केटची जाडी ठरवायची.

होनिंगच्या तिरक्या रेषा एकसारख्या, वरपासून खालपर्यंत. नंतर बोअर साबणाच्या गरम पाण्यानं घासून पांढऱ्या फडक्यानं पुसून दाखवले, फडकं काळं आलं की परत धुणं. डिझेलनं धुऊन ही होनिंगची घाण निघत नाही, आणि राहिली की नव्या रिंगा तीच खाणार.

तक्रार एकच, वेळ फार लागतो. ऊसाचा सीझन जवळ आला की ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते, फोनवर तारीख मिळत नाही, ब्लॉक नेऊन ठेवावा लागतो. दर पण आजूबाजूपेक्षा थोडा चढा आहे, घासाघीस चालत नाही. क्रँक ग्राइंडिंग ते करत नाहीत, शेजारी पाठवतात.

गाडी आता वाशीला भाजी घेऊन चाललीय, धूर नाही, डिपस्टिकवर ऑइलची पातळी जागेवर. पत्ता हवा असेल त्यांनी विचारा, पाठवतो. जाताना पिस्टन घेऊनच जा, नाहीतर मामा परत पाठवतील.