बियाण्याचा दावा आणि परराज्यातील कंपनी : जळगावातील एका वकिली कार्यालयाच्या सेवेविषयी

कापसाचे बियाणे सदोष निघाले की आपल्या खान्देशातला शेतकरी दुकानदाराशी भांडतो, फार तर कृषी कार्यालयात अर्ज देतो आणि पुढच्या हंगामाच्या तयारीला लागतो. जळगावच्या जिल्हा न्यायालयाजवळचे एक वकिली कार्यालय त्याच्या पुढची वाट समजावून सांगते आणि ती शेवटपर्यंत चालतेही. चोपडा तालुक्यातील माझ्या काकांची तक्रार त्यांनीच चालवली. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, म्हणून कार्यालयाचे नाव देणे मी टाळले आहे.

पहिल्याच भेटीत तिथल्या वकीलबाईंनी रिकाम्या पिशव्या, पक्के बिल आणि ई-पीक पाहणीत कापसाची नोंद झालेला सात-बारा उतारा मागितला. काकांनी पिशव्या गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवलेल्या होत्या. बाईंनी एकेक पिशवी झटकून टेबलावर पसरली आणि तिच्यावरचा लॉट नंबर बिलावर बोट ठेवून ताडून पाहिला. एका पिशवीचा नंबर बिलात नव्हता. ती बाजूला सारत त्या म्हणाल्या, "आबा, ही दाव्यात घालायची नाही. हिच्यापायी बाकीच्या पिशव्यांवर संशय येईल." दाव्याची रक्कम त्यामुळे थोडी कमी झाली, पण समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा उरली नाही. अशी काटेकोर तपासणी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

या कार्यालयाचा खरा गुण असा की, शिक्षा कोण करणार आणि भरपाई कोण देणार हे दोन प्रश्न ते सुरुवातीलाच वेगळे करतात. बियाणे कायदा १९६६ चा आहे आणि त्याच्या कलम १९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फार तर ५०० रुपये. बुडालेल्या पिकाची भरपाई त्या खटल्यातून शेतकऱ्याला मिळत नाही. तरीही कृषी विभागाकडे तक्रार करणे त्यांनी आवश्यक मानले, कारण तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पीक उभे असतानाच शेतात येऊन पंचनामा करते आणि तोच पुढे ग्राहक आयोगात सर्वांत वजनदार पुरावा ठरतो. काकांच्या शेतात एकाच सरीत दोन वेगळ्या ठेवणीची झाडे होती, काहींना बोंडे नावापुरती, आणि हे सगळे अहवालात नोंदले गेले. सगळे बियाणे पेरून झाल्यावर तपासणीसाठी नमुना आणायचा कोठून, या नेहमीच्या अडचणीवर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी हा निकाल दाखवला. शेतकऱ्याने परीक्षणासाठी बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

कंपनी तेलंगणातली आणि पिशवीवर बारीक अक्षरांत ‘वाद झाल्यास हैदराबाद न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ अशी ओळ. ती वाचूनच आमच्याकडचे कितीतरी जण घरी बसतात. दिवाणी दाव्यात अशा अटीला मोठे वजन असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालापासून पक्के झाले आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम ३४ तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू देते आणि कलम १०० प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, म्हणून बाईंनी तक्रार बिनधास्त जळगावच्याच आयोगात दाखल केली. शिवाय या कायद्यात आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) ठरते ती दिलेल्या किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. त्यामुळे नुकसान लाखांत असले तरी काही हजारांच्या बियाण्याची तक्रार जिल्हा आयोगातच चालते आणि किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. हे मला मुळीच ठाऊक नव्हते आणि माझ्या मते प्रत्येक कृषी केंद्राच्या भिंतीवर ते लिहिलेले असायला हवे.

सुनावणीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कंपनीने लेखी उत्तर देण्याची ३० अधिक १५ दिवसांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये बंधनकारक ठरवली आहे, तिच्यावर त्यांनी बारीक लक्ष ठेवले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आदेश काकांच्या बाजूने लागल्यावर कंपनी गप्प बसली. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे या आदेशाची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखीच, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या निकालासारखीच होते, पण कंपनीची मालमत्ता दुसऱ्या राज्यात असली की हुकूमनामा तिकडच्या न्यायालयाकडे पाठवावा लागतो, आणि तिथे प्रकरण रखडते. म्हणून कार्यालयाने कलम ७२ खालीही अर्ज लावला. त्यात आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि हे प्रकरण जळगावचाच आयोग चालवतो. संचालकांच्या नावे समन्स निघाले आणि पैसे जमा झाले. कंपनी अपिलात गेली असती तरी निम्मी रक्कम आधी भरावीच लागली असती.

उणीव सांगायचीच तर फीची. मूळ तक्रारीची फी त्यांनी लेखी दिली, परंतु वसुलीच्या टप्प्याचा खर्च आणि परराज्यात वकील लावावा लागला तर त्याचे पैसे याबद्दल तोंडीच सांगितले, आणि काकांसारख्या माणसाला तो आकडा अखेरपर्यंत नीट उमगला नाही. तारखेचा निरोपही कधी कधी आदल्या संध्याकाळी येत असे. चोपड्याहून पहाटेची एसटी धरणाऱ्याची त्यात ओढाताण होते. एवढे सुधारले तर या कार्यालयाची शिफारस मी डोळे मिटून करीन. ज्यांना जायचे आहे त्यांनी पीक उभे असतानाच समितीकडे अर्ज करावा, वसुलीचा खर्च कागदावर मागून घ्यावा आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करण्याची मुदत ध्यानात ठेवावी.